मार शल्लिताच्या भिंतीवरचा खडा

रस्त्याच्या वळणावरचं मार शल्लिताचं, म्हणजे संत शल्लिताचं, चॅपेल एवढंसं, की चार माणसं आत शिरली तर पाचव्याने बाहेरूनच क्रूसाची खूण करावी. ती चारशे वर्षांची दगडी खोली माझ्या नजीबेमावशीच्या ताब्यात होती. रोज झाडायची, दिव्यात जैतुनाचं तेल घालायची आणि चिखलाचे बूट घेऊन येणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

लढाईत ज्यांची माणसं नाहीशी झाली, त्या बाया तिथे यायच्या. वेदीशेजारच्या भिंतीवर खडा दाबायचा; चिकटला तर माणूस परत येणार, असं आम्ही मानतो. कधीकधी मावशी आधीच आत जाऊन भिंतीला मेण चोपडायची. मग ती बाई हसत घरी जायची.

तिचा स्वतःचा मुलगा तन्नूस त्याच लढाईत, तेविसाव्या वर्षी, किनाऱ्याकडच्या बंदूकवाल्यांच्या नाक्यावर बसमधून उतरवला गेला, तो गेलाच. त्याचे सदरे ती दर शनिवारी इस्त्री करी. संताच्या सणाला मात्र ती कोऱ्या दगडावरच खडा दाबी, आणि तो पडे. “म्हातारा बहिरा झालाय, पुढच्या वर्षी ओरडून सांगते,” असं संताबद्दल बोलून खडा खिशात टाकी. अशी चाळीस वर्षं गेली.

गेल्या वर्षी तिचे गुडघे गेले आणि किल्ली माझ्याकडे आली. मला तिचं ते वाकून खडा उचलणं बघवेना. सणाच्या सकाळी मी भिंतीला मेण लावलं.

खडा चिकटला. मावशी हसली नाही. तिने नखाने भिंत खरवडली, बोट नाकाशी नेलं.

“कधी कळलं तुला?”

“काय कळलं, मावशी?”

“मेण मी सगळ्यांसाठी नाही लावायचे गं. नाक्यांवरून येणारे ड्रायव्हर लोक मला खबर द्यायचे. जिचं माणूस मेलंय हे कळायचं, तिला तोंडाने सांगवायचं नाही. तिच्यासाठीच लावायचे.”

हे मला ठाऊकच नव्हतं. मला काही कळलेलं नाही, मी आपलं दयेने लावलं, असं मी दिव्यावर हात ठेवून सांगितलं. तिने माझा हात थोपटला.

“मीही त्या बायांना असंच सांगितलं असतं.”

रविवारी तिने पाद्रीबाबांना सांगून तन्नूससाठी मृतांची प्रार्थना करवली आणि सदरे गावात वाटून टाकले. तन्नूस कुठे आहे, ते मला आजही ठाऊक नाही. त्याच्या नावाची मयताची घंटा मात्र माझ्यामुळे वाजली.