ड्रेसरबाईंचं तोंड

माणसांच्या मायेइतकी चिघळणारी जखम ड्रेसरबाईंनी जन्मात पाहिली नव्हती. तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी मलमपट्टी केली आणि निवृत्त झाल्यावर तेच काम स्वतःच्या गच्चीवर फुकट मांडलं. बुटाच्या खोक्यात पाखरू घालून येणाऱ्यांची रीघ लागे. प्रत्येकाचा आव असा, की जणू गडच जिंकून आलेत.

"दूध पाजलंत ना?" बाई विचारत.

"थोडंसंच, चमच्याने. उपाशी होतं बिचारं."

"पाखराला कधी दूध पिताना पाहिलंय? छातीत गेलंय ते. फोटो मात्र झकास काढला असेल!"

फटकळपणात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरा म्हणायचा, "अगं, चार शब्द गोड बोललीस तर जीभ झडेल का?" मग त्याचाही उद्धार व्हायचा. त्याचा गुन्हाच तसा होता. मागे एका घुबडाच्या पिल्लाला त्याने कुरवाळून कुरवाळून पार माणसाळवलं. सोडल्यावर ते पलीकडच्या गल्लीत कुणाच्या तरी खांद्यावर जाऊन बसलं, आणि घाबरलेल्या लोकांनी काठ्यांनी त्याचा चेंदामेंदा केला. पोत्यातून ते बाईंनीच घरी आणलं होतं.

म्हणून यंदा, तारेला धडकून पंख मोडलेलं घारीचं पिल्लू आलं तेव्हा बाईंनी कायदाच केला. पिंजऱ्याला चारही बाजूंनी जाड चादर. नाव ठेवायचं नाही, लाड करायचे नाहीत, तोंड दाखवायचं नाही. मांसाचे तुकडे फटीतून चिमट्याने बाईच देणार, दिवसातून पाच वेळा. नवऱ्याला गच्ची बंद. चादरीला लागूनच बाईंचं टेबल होतं. तिथे बसून खोकीवाल्यांची हजेरी घेता घेता एका हाताने चिमटा चालू असे. असे अडीच महिने गेले.

सोडायच्या सकाळी चादर निघाली, दार उघडलं. घार कठड्यावर बसली, तिने पंख झाडले आणि झेप घेतली. एक घिरटी पाण्याच्या टाकीवरून, दुसरी त्याहून मोठी. बाईंचा ऊर भरून आला. पण नवऱ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की तो गुपचूप टाकीआड सरकला.

तेवढ्यात जिन्यातून धापा टाकत एक बाई वर आली. काखेत बुटाचं खोकं.

"दूध पाजलंत ना?" ड्रेसरबाई गरजल्या.

वर घार वळली. सरळ खाली आली आणि कठड्यावर, ड्रेसरबाईंपासून हातभर अंतरावर बसून, मान पुढे काढून चोच वासून केविलवाणी ओरडू लागली.

"हाड! नीघ! मरायचंय का?" बाई किंचाळल्या. घार एक पाऊल आणखी जवळ आली.

चादरीने तोंड झाकलं होतं, पण त्या तोंडाचा पट्टा अडीच महिने अखंड चालू होता. प्रत्येक घासाबरोबर पिल्लाने तोच ऐकला होता. ओरडणारी माणसं म्हणजे जेवण, एवढंच त्याला कळलं होतं. आणि गल्लीत ओरडणाऱ्या माणसांच्या हातात काठ्या असतात.

"मी एक शब्दही बोललो नाही हं," टाकीआडून नवरा म्हणाला.

त्याला झापायला बाईंनी तोंड उघडलं. घारीनेही चोच उघडली.

बाईंनी तोंड मिटलं.