रोटाच्या दिवशी सांडपाणी

लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, की आमचं घर उताराला शेवटचं आहे आणि साऱ्या गावाची गटार आमच्या ओट्यापाशी येऊन संपते. लोकांच्या दारात तुळस असते. माझ्या दारात गावाच्या आंघोळी, भांडी आणि धुणी. रोज सकाळी त्या डबक्यात वीट टाकून मी बाहेर पडायचे आणि वरच्या आळीला शिव्या द्यायचे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मग गेल्या वर्षी गावाखाली दगड-वाळूचे तीन हौद बांधले. गटारीचं पाणी पाइपाने पहिल्या हौदात जाणार, गाळत गाळत तिसऱ्यातून नितळ निघणार आणि कर्दळीला मिळणार. मात्र तालुक्याच्या साहेबांनी पाहणी करून पसंत केलं, तरच ते चालू राहणार होतं. मी कर्दळीची रोपं स्वतः लावली.

सरपंच नात्याने माझा दीर. त्याने पाहणीला श्रावणातल्या कानबाईच्या सणाचा सोमवार धरला. सुरतेला कामाला गेलेलं गाव कानबाईला घरी येतं, गर्दी दिसेल, एवढंच त्याने पाहिलं. रोटाचं साफ विसरला. कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे आणि त्या जेवणाचं हात-भांडी धुतलेलं पाणी घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, अंगणात खड्डा करून त्यातच जिरवायचं. आमच्या गावात तर धोका नको म्हणून मोरीलाच बोळा कोंबतात आणि आंघोळीला शेतातल्या बोअरवर जातात.

सोमवारी सकाळी गटारीत थेंब नव्हता. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मी बादली घेऊन दारोदार निघाले. कपड्यांचं पाणी द्या, तोंड धुतलेलं द्या, काही चालेल. वरच्या आळीतली म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली.

"वरीसभर आमना पानीले गाया देस," ती म्हणाली, "आते तेच मांगी ऱ्हायनी का?"

रिकामी बादली घेऊन घरी आले. सासूबाईंकडे मागायची सोयच नव्हती. त्या खड्ड्यावर परात पालथी घालून तिच्यावर बसल्या होत्या.

गावात रोट नसलेलं घर एकच. बाहेरून बदलीवर आलेले, भाड्याने राहणारे गुरुजी. सरपंचाने त्यांचे पाय धरले. गुरुजींनी आंघोळ केली, चादरी धुतल्या, मग पुन्हा आंघोळ केली. साबणाचा बारीक ओघळ गटारीतून निघाला आणि आम्ही चाळीस-पन्नास माणसं त्याच्या चालीने त्याच्या कडेकडेने चाललो. पहिल्या हौदात तो पडला तेव्हा टाळ्या झाल्या. पडला आणि वाळूत जिरला. दुसरा हौद कोरडा, तिसरा कोरडा.

साहेब बराच वेळ वाकून बघत होते. गाव एवढंसंच पाणी घाण करतं, याचा त्यांना फार आनंद झाला. मी डोक्यावरचा पदर सावरत पुढे झाले आणि रोटाचं सगळं सांगितलं.

"प्रथा उत्तम आहे," ते म्हणाले. "वर्षभर पाळा."

इथे हौदांची गरज नाही, असं ठरवूनच ते गेले. सरपंच कौतुकाने फुलून त्यांच्या गाडीचं दार उघडायला धावला. साहेबांच्या माणसांनी पाइप काढून गरजू गावाला पाठवला.

रोट संपले आणि साऱ्या मोऱ्यांचे बोळे निघाले. पाणी जुन्या वाटेने माझ्या दारात आलं. मी ओट्यावर पाय वर घेऊन बसले आणि मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

पुढे गावाला सांडपाणीमुक्त गावाची पाटी मिळाली. एका सकाळी बाहेर आले तर सरपंच माझ्या डबक्यात त्या पाटीचा खांब रोवत होता. गाव सोडून इथेच का, म्हणून मी विचारलं.

"आठेच जमीन नरम शे, वहिनी," तो म्हणाला.