माझ्या कार्डावरच्या विड्या

धाकटी हायवेवर गेली त्या दिवशी पोलिसांनी आधी मलाच मेलेली धरलं होतं. माझ्या लेकाला फोन आला, तुझी आई गेली म्हणून. तो कामावरनं रडत घरी आला, तर मी तापानं फणफणून अंथरुणात पडलेली. मग मी नाही तर कोण, हे आम्हा दोघांनाही एकदमच कळलं.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. तिच्या पिशवीत विड्या होत्या आणि विडी कामगाराचं कार्ड होतं. कार्ड माझ्या नावाचं, फोटो माझ्या तरुणपणीचा. पंचनाम्यात आधी माझं नाव लिहिलं, मग खोडलं. ते खोडलेलं नाव पुढं मी कोर्टात माझ्या डोळ्यांनी बघितलं.

कार्ड माझं आणि विड्या तिच्या, हे निपाणीत कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्याला कळायचं नाही, म्हणून सांगते. लग्न होऊन आले तशी मी विड्या वळायला बसले. कारखान्यातनं पानं, तंबाखू, दोरा आणायचा, घरी वळायचं, आठवड्याला जुड्या नेऊन द्यायच्या. पुढं तंबाखूच्या धुरळ्यानं छाती धरली. डॉक्टर म्हणाला, परत विड्यांचं सूप मांडीवर घेतलंस तर मरशील. पण कार्ड बंद पडलं की फंड थांबतो, म्हातारपणाची पेन्शन जाते, कामगारांचा दवाखाना जातो. नवीन कार्ड तर कारखाना कुणालाच देईना. तेव्हा धाकटीच म्हणाली, "आक्का, तुमचं कार्ड चालू राहू दे. विड्या वळीन की मी."

मजुरी तिला, फंड मला. नऊ वर्षं असं चाललं. गल्लीत निम्म्या घरांत हेच, त्यामुळं ही लबाडी आहे असं कधी मनात आलंच नाही. सकाळी भाकऱ्या झाल्या की ती उंबऱ्याजवळ सूप घेऊन बसायची. शेजारी तिची लेक पुस्तक वाचत, मधनंच जुड्यांना दोरा बांधत बसलेली. धाकटीची बोटं चालायची आणि तोंडही. मला म्हणायची, "सही तुमची, बोटं माझी. वर गेल्यावर देव मजुरी कुणाला देतोय बघूया!" आणि खदाखदा हसायची. मीही हसायची. लई हसलो आम्ही त्या गोष्टीला.

माल द्यायला दर आठवड्याला मीच जात होते, कारण कारखान्यात माझा चेहरा ओळखीचा. त्या दिवशी अंगात ताप होता. मीच तिला म्हटलं, आजच्या दिवस तू जा, आक्का आजारी हाय म्हणून सांग. हायवेचा सर्व्हिस रोड ओलांडताना ट्रकनं तिला उडवलं. विड्या सगळ्या रस्त्यावर पसरल्या होत्या म्हणे. जमलेल्या मेल्यांनी त्यातल्या उचलून ओढल्याही असतील.

दिरानं क्लेम लावला. विमा कंपनीचं म्हणणं एकच, बाई घरी बसून होती, तिची कमाई काही नव्हती. आमचा वकील म्हणाला, कमाई दाखवली तरच रक्कम बरी मिळेल. धाकटीच्या पोरीची बारावी झाली होती. बेळगावला नर्सिंगला जायचं तिनं आईशी कधीच ठरवलेलं. ती म्हणाली, "मी सांगते कोर्टात, माझ्या डोळ्यांदेखत वळायची." वकिलानं मान हलवली. पोरीचं कोण ऐकणार? कार्डवाल्या बाईनंच सांगायला पाहिजे. गल्लीतल्या बायकांना विचारलं, तर सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. ज्यांची स्वतःची कार्डं तसलीच, त्या कशाला बोलतील?

म्हणजे राहिले मी.

घरात आमचे हे तापले. "खरं सांगितलंस तर कार्ड काढून घेतील. फंड बुडंल. वर फसवणुकीची केस झाली तर मी न्हाय येणार सोडवायला." मी म्हटलं, "ती माझ्या जागी मेली, कळतंय का तुम्हाला?" असं ठणकावून बोलले होते मी.

साक्षीच्या दिवशी पोरीनं माझी वेणी घातली. घालता घालता म्हणाली, "मोठी आई, बाकी काय सांगू नको. आई विड्या वळत होती, एवढंच सांग." मी म्हटलं, "सांगते की गं बाळा. त्यात काय एवढं?"

कंपनीचा वकील तरुण होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या ओरडण्याला मी ओरडून उत्तर दिलं असतं. पण तो आक्का आक्का करत गोड बोलत होता. "आक्का, हे कार्ड तुमचं?" व्हय. "दर आठवड्याची ही सही तुमची?" व्हय. "फंड तुमच्या नावावर जमतोय?" व्हय. मग म्हणाला, "म्हणजे विड्या दुसऱ्या बाईनं वळल्या असतील, तर नऊ वर्षं तुम्ही कारखान्याला आणि सरकारला फसवलंत. तसं लिहून घेऊ का? नीट विचार करून सांगा, आक्का. विड्या कोण वळत होतं?"

माझी पाचावर धारण बसली. जज्जसाहेब मान वर करून बघत होते, टाइप करणारी बाई बोटं उचलून थांबली होती. पोरगी मागच्या बाकावर होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

"मीच," म्हटलं. "ती नुसती माल पोचवायला गेलती."

आग लागो माझ्या तोंडाला. एवढंच बोलले आणि उतरले. बाहेर आल्यावर पोरीनं मला पाण्याची बाटली दिली. चार शिव्या दिल्या असत्या तर मी तिच्या पाया पडले असते.

निकाल लागला तो तिनंच आम्हाला वाचून दाखवला. मयत ही गृहिणी होती, ती विड्या वळत असल्याचा पुरावा नाही. ती ओळ तिनं दोनदा वाचली. पैसे मिळाले, पण घरी बसलेल्या बाईचे. बेळगावच्या कॉलेजची फी आणि हॉस्टेल यांत ते पहिल्याच वर्षी संपले असते, मग दिरानं ते बँकेत ठेवले, तिच्या लग्नाला म्हणून. वकील म्हणाला, धारवाडच्या हायकोर्टात अपील करता येईल, पण साक्ष बदलायला लागेल. असं म्हणून त्यानं माझ्याकडं बघितलं. मी पदराला गाठ मारत बसले.

माझ्या पेन्शनला अजून तीन वर्षं आहेत. कार्ड चालू ठेवायला विड्या लागतात, आणि मला सूप धरवत नाही. पोरीला मी काही म्हटलं नव्हतं, देवाशप्पथ. एके सकाळी भाकऱ्या झाल्यावर तिनंच आईचं सूप खाली काढलं, पुसलं आणि उंबऱ्याजवळ बसली. आता दर आठवड्याला जुड्या बांधून पिशवी माझ्यापुढं आणून ठेवते.

"मोठी आई," म्हणते, "तुझ्या विड्या झाल्या."