नारिंगी पाणी

"पयलं पानी दे गो वयनी, मंग बगू." आमच्या दारात पाऊल टाकताना तो हेच म्हणायचा. तांब्या रिकामा करून मिशी पुसायचा आणि मगच बॅग उघडायचा.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा हा उमेळे गावचा माणूस म्हणजे संगणकातल्या चित्रांचा दुभाषा. एका सिस्टिमसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीवर चालवायचा, तर चित्र काढायचे हुकूम तिला कळतील अशा भाषेत सांगावे लागतात. गावात कुणी काम विचारलं, तर म्हणायचा, "भांडनं मिटवतो." लोकांना तो वकील वाटायचा, तुम्हालाही वाटला असता.

आमची जुई बोलत नाही. एका जुन्या प्रोग्राममधल्या चित्राला ती बोट लावते आणि लॅपटॉप तिच्यासाठी 'भूक', 'पाणी', 'नको' म्हणतो. प्रोग्राम बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती आणि लॅपटॉप अखेरच्या घटका मोजत होता. नव्या संगणकावर प्रोग्राम उघडेचना. पोरीची वाचाच जाणार, या धास्तीनं आम्हा दोघांना घास गोड लागत नव्हता.

त्यानं आपणहून काम अंगावर घेतलं. दर रविवारी वाडीतली केळीची कामं टाकून तो बोळिंजला आमच्याकडे यायचा. अखेर नव्या पडद्यावर चित्रं उमटली, अगदी ठसठशीत. जुईनं ती पाहिली आणि संगणक ढकलून दिला.

मी खचलो. तो मात्र दोन्ही पडदे शेजारी ठेवून बघत बसला. जुन्या लॅपटॉपात कसल्याशा बिघाडानं लाल आणि निळ्या रंगाची अदलाबदल झाली होती. पाण्याच्या आकाशी निळ्या पेल्यात हिरव्याची छटा होती, म्हणून तो लाल न होता नारिंगी दिसायचा. आमच्या डोळ्यांना त्याची सवय झाली होती. जुईला तर तेवढाच पेला ठाऊक होता.

"बिघाड कशाला नव्यात आणायचा? निळं पाणी शिकवू तिला," मी म्हणालो.

"बिघाड तुज्यासाठी. तिची तीच भाषा हाय. ती सुधरवनारे आपन कोन?"

त्यानं ती चूक जशीच्या तशी उतरवली. जुईनं नारिंगी पेल्याला बोट लावलं. त्यानंतर तो दारात दिसला की त्याच्याआधी तिचंच "पाणी" ऐकू यायचं. "मना बोलाया ठेवलंच नाय हिनं," म्हणत तो हसायचा.

दिवाळीनंतर तो गेला. हृदय बंद पडलं. नवी सिस्टिम घ्या, अशी सूचना पडद्यावर सारखी येते आणि प्रोग्राम पुन्हा बंद पडेल या भीतीनं मी 'नंतर' दाबतो. त्याचं काम पुढे नेणारं कुणी मला सापडलेलं नाही.

रविवारी सकाळी जुई दाराकडे तोंड करून बसते आणि पेल्याला बोट लावते. "पाणी." बायको पाणी आणून देते. जुई ते बाजूला सारते, दाराकडे बघते आणि पुन्हा बोट लावते.