टाचणी कोणाच्या वाट्याला?

वहिनीने घटस्फोट मागितला तो दादाने कुठे लफडं केलं म्हणून नव्हे. लफड्यासाठी उठून बाहेर जावं लागतं, आणि दादाला उठायचाच कंटाळा. आमच्या शिलाईच्या दुकानात तो कापड कापायचा आणि मग गिऱ्हाइकांशी गप्पा हाणत बसायचा. शिवणाचा ढीग वहिनी उपसायची. काज-बटणं माझ्याकडे. नवरा गेल्यापासून मी, दादाची धाकटी बहीण, दुकानामागच्या खोलीत राहते. माझं बोलणं टोचतं म्हणून वहिनीने मला 'टाचणी' म्हणायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी ते उचललं.

वहिनी कामाला वाघ. दातांत दोरा, नाकावर घसरलेला चष्मा. मशीन अडलं की ती त्याला शिव्या द्यायची, पण बघायची दादाकडे. एक दिवस तिने पाय थांबवले आणि म्हणाली, "बास झालं. मला वेगळं व्हायचंय."

"हो बाई," दादा म्हणाला, "पण आधी त्या शाळेच्या मास्तरांचा कोट पुरा कर."

झालं! तिथेच ठिणगी पडली.

घटस्फोटाचे कागद करायला वकीलबाई यायच्या आधीच दोघांनी आपल्या अकलेने वाटणी उरकली. कात्र्या आणि टेबल दादाचं, पायाचं मशीन वहिनीचं. गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले कपडे राहिले, त्यांचे तुकडे मोजून निम्मे-निम्मे केले. असल्या हिशोबात मास्तरांच्या कोटाचं धड दादाकडे गेलं आणि बाह्या वहिनीकडे. वकीलबाई येऊन टेकतात न टेकतात तोच मास्तर ट्रायलला हजर. धड अंगात चढवून ते आरशासमोर उभे राहिले.

"बाह्या?"

"त्या माझ्या वाट्याला नाहीत आल्या," दादाने अगदी नम्रपणे सांगितलं. मी तोंडात रुमाल कोंबला.

वकीलबाईंना मात्र हसू आलं नाही. मास्तर गेल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, ज्याचे आगाऊ पैसे घेतलेत तो कपडा तुमची मालमत्ता नव्हे. ते काम तुम्ही देणं लागता. म्हणजे कर्जच. ज्याला निभावता येईल त्याने ते अंगावर घ्यावं."

वहिनीने धडही आपल्याकडे ओढलं.

"ते कडा शिवायचं नवीन ओव्हरलॉक मशीन मला पाहिजे," दादा म्हणाला.

"मग त्याचे राहिलेले हप्तेही तुमचे," वकीलबाई.

"तसं जुन्या मशीनवरही काम होतंच म्हणा," दादा पुटपुटला.

असं करत दुकान, भाडं, हप्ते, कापडवाल्याची उधारी, सगळं वहिनीकडे गेलं. दादाने कात्र्या घेऊन मित्राच्या दुकानात कटर म्हणून जायचं ठरलं. राहणंही तिथल्याच माळ्यावर. मी बटणं निवडत बसले होते, पण कान तिकडेच होते. दुकान वहिनीचं, म्हणजे मागची खोलीही तिची. मी पडले तिच्या सासरची. घटस्फोट घेतलेली बाई नणंद कशाला सांभाळेल?

तेवढ्यात वकीलबाईंनी विचारलंच, "मागे कोण राहतं?"

"ही आमची टाचणी," दादा माळ्याचा विचार करत मान खाजवू लागला. "हिचं... बघू काहीतरी."

दादाचं 'बघू' मी जन्मापासून ओळखते. त्याचा अर्थ 'नाही'. मला त्याचा असा संताप आला म्हणून सांगू!

वहिनीने चष्मा वर सरकवला. "हिला कर्जाच्या बाजूला धरा," ती म्हणाली, "आणि ते माझ्या नावावर टाका. यांनी कुठलं कर्ज आजवर अंगावर घेतलंय?"

कर्ज? मी? भांडायला तोंड उघडलं आणि रडूच आलं.

वकीलबाई पहिल्यांदा हसल्या. "आणि फेडणार कधी?"

"फेडायचंय कुणाला?" वहिनी म्हणाली.