रोखून धरलेली काडतुसं

धारेहून बदनावरला जाणाऱ्या रस्त्यालगत आमच्या संस्थानी फौजेची लुटुपुटूची लढाई व्हायची. काडतुसं बिनगोळीची असत, पण ती संपली की पंच ती तुकडी मेली असं ठरवीत. त्या वर्षी ओढा राखणाऱ्या तुकडीचा जमादार माझा थोरला भाऊ होता आणि काडतुसांची खेचरं माझ्या ताब्यात होती.

दादाचा शिपाई धावत आला. "भिया, जल्दी काडतुसं द्या, सगळी खतम झाली!"

मी दिली नाहीत. शेवटच्या हल्ल्यात, लढाई बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर, आमच्या बाजूच्या बंदुकांचा आवाज मोठा व्हावा, म्हणून राखून ठेवली. दादाची तुकडी मेली. त्यानेच काडतुसं उधळली असा ठपका ठेवून त्याला नोकरीतून काढलं.

घरी तो मलाच समजावत होता, "खेचरं चिखलात अडकली असतील रे. तू तरी काय करणार?"

मी मान डोलावली. मरेपर्यंत त्याने तेच खरं मानलं.