पान उलटलं, तरी वाचन चालूच

मंडळी, माझ्या वर्गानं मला फसवलं, ते आज कळलं. दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथं लिहितेय.

वसमतजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेत मी सातवीला इंग्रजी शिकवते. वाचनाच्या तासाला पोरं पेंगायची. म्हणून मी त्यांना नाटकासारखं, आवाज बदलून वाचायला लावलं. दोन महिन्यांत वर्ग टक्क जागा झाला. गेल्या आठवड्यात मी इथंच ते मिरवलं होतं आणि तुम्ही कौतुकही केलं होतं.

आज पायल म्हातारीच्या आवाजात झकास वाचत होती. पंख्याच्या वाऱ्यानं पुस्तकाची चार पानं उलटली, पण वाचन थांबलं नाही. तिच्यासमोर भलताच धडा उघडा होता आणि ती मागचीच गोष्ट वाचत होती.

मग मी एकेकाला मधल्याच ओळीवर बोट ठेवून वाचायला सांगितलं. कोणालाच येईना. सगळ्यांनी घरच्या मोबाईलवर धड्याचा ऑडिओ ऐकून तो पाठ केलेला.

मी भडकले. "इतके दिवस मला उल्लू बनवलं? काहून?"

पायलच बोलली, "मॅडम, आमी अडकत वाचलं की तुमी घड्याळाकडं पाहता. तुमाला कंटाळा येऊ नये म्हणून पाठ करून येतो."

राग अजून गेलेला नाही. फक्त तो कोणावर काढायचा, ते कळेना.

शिक्षक मित्रांनो, पोरगं अडकत वाचत असतं तेव्हा तुम्ही कुठं बघता?